पुण्याची बादली

शीर्षक वाचून पुणेकर वाचकांनी सावरून बसायचं कारण नाही. ही बादली पुणे शहरातली नव्हे. पुण्य या शब्दाला षष्ठीचा प्रत्यय लावला की असा घोटाळा होतो, त्याला माझा इलाज नाही. शिवाय पुणे शहरातली बादली असती तर तिच्यावर मालकाचं नाव तैलरंगात घातलेलं असतं आणि ती मला वापरायला मिळालीच नसती.

बादली आमच्याच न्हाणीघरातली होती. हिरवी, प्लॅस्टिकची, एका कानाने अधू. २०१४ सालच्या ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी मी ती गच्चीवर नेली, तीत फ्रीजमधले बर्फाचे चौदा खडे टाकले आणि ती स्वतःच्या डोक्यावर उपडी केली. त्या वेळी माझं वय चौतीस होतं, मी बी.कॉम. होतो, बँकेत कायम नोकरीत होतो आणि आमच्या घराण्यात वेडाचा इतिहास नव्हता.

या प्रकाराला माझा मेहुणा जबाबदार. तो बंगळुरात संगणकाच्या कंपनीत असतो आणि त्याच्याकडे, टँकरने का होईना, रोज पाणी येतं. आदल्या दिवशी त्याने फेसबुकवर एक व्हिडिओ घातला. त्यात त्याने प्रथम इंग्रजीत एका रोगाचं नाव घेतलं, मग अंगावर बादली ओतून घेतली, मग किंचाळला आणि किंचाळून झाल्यावर तीन माणसांना आव्हान दिलं. एक त्याचा साहेब, दुसरा त्याचा कॉलेजातला मित्र आणि तिसरे अस्मादिक. साहेबाच्या पंक्तीला बसवल्यामुळे मी बर्फाच्या आधीच विरघळलो.

आमच्या भागात तेव्हा नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येई. सौ.ला ही जगव्यापी चळवळ मी दहा मिनिटं समजावून सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ओतायचीच असेल तर परवाच्या पाण्याची ओता. आजचं पिण्याचं आहे. आणि पायाखाली टब ठेवा." त्यामुळे व्हिडिओत मी टबात उभा आहे. त्या पाण्यात नंतर दोन चादरी आणि एक पायपुसणं धुतलं गेलं. मानवजातीचं माहीत नाही, पण पायपुसण्याचं भलं झालं.

त्या व्हिडिओला दोनशे अकरा लोकांनी अंगठा दाखवला. आपल्या भाषेत अंगठा दाखवणं म्हणजे काय ते फेसबुक काढणाऱ्यांना ठाऊक नसावं. मी पैसे किती दिले, हे त्या दोनशे अकरांपैकी एकानेही विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

आता मी पडलो कॉमर्सचा माणूस. करार दिसला की बारीक अक्षरं वाचायची सवय. पण हा करार मी वाचला तो ओलं डोकं वाळल्यावर, आणि वाळलेल्या डोक्यावर हात मारून घेतला. मूळ अट अशी होती: चोवीस तासांत बर्फाचं पाणी अंगावर घ्या, नाहीतर शंभर डॉलर द्या. म्हणजे पाणी ही सुटका आणि दान हा दंड! आमच्याकडे हप्ता चुकवणाऱ्याला दंडव्याज लागतं. इथे हप्ता न भरणाऱ्याचा सत्कार होता. डॉलर तेव्हा साठ-एकसष्ट रुपयांच्या घरात होता. एका बादलीने सहा हजार रुपये वाचत असतील तर तसल्या चार बादल्या रोज ओतायची माझी तयारी होती. पुढे पुढे लोक दोन्ही करू लागले, पाणीही ओतायचे आणि पैसेही द्यायचे, हे खरं. पण मूळ कलम ते तसं. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष ओबामा यांनाही आव्हान गेलं होतं. त्यांनी पाणी घेतलं नाही, शंभर डॉलर दिले. कलम वाचून वागलेला मला आढळलेला हा एकच मोठा माणूस. वकील होते ते.

हैदराबादेत त्याच महिन्यात मंजुलता कलानिधी या पत्रकार बाईंनी पाण्याऐवजी तांदळाची बादली काढली. बादलीभर तांदूळ घ्यायचा, जवळच्या एखाद्या गरजूला द्यायचा आणि इतरांना सांगायचं. अंगावर काही ओतायचं नाही. मला ती कल्पना पाहताक्षणी पटली, म्हणजे मी तिलाही अंगठा दाखवला.

या साखळीपुण्याची वंशावळ मी हुडकायला लागलो ती पुढे, एका कारणाने. ते कारण मागाहून सांगतो. आधी वंशावळ.

१८८८ साली शिकागोमधल्या एका मेथडिस्ट शाळेवर कर्ज झालं होतं. मिशनरी कार्य करू इच्छिणाऱ्या बायकांची ही शाळा. कर्ज फेडायला एक पत्र काढण्यात आलं. हे पत्र हाती आलं की दहा सेंट पाठवा आणि पत्राच्या तीन नकला करून तीन मैत्रिणींना धाडा. या युक्तीला त्यांनी 'फिरती दानपेटी' असं नाव दिलं. दहा दहा सेंट करत सहा हजार डॉलरच्या आसपास रक्कम जमली. तारण नाही, जामीन नाही, आणि वसुलीला माणूस पाठवावा लागला नाही. आमच्या कर्ज विभागाच्या भिंतीवर या बाईंची तसबीर लावायला हवी.

दहा वर्षांनी, १८९८ साली, स्पेन आणि अमेरिकेचं युद्ध जुंपलं. क्यूबात लढणाऱ्या सैनिकांना उन्हाळ्यात रेडक्रॉसतर्फे एक वस्तू पुरवायची होती. लाँग आयलंडवरच्या बॅबिलन नावाच्या लहानशा गावातून नताली शेंक या सतरा वर्षांच्या मुलीने साखळीपत्र सोडलं: दहा सेंट पाठवा, चार नकला करा. गावच्या टपाल कचेरीत पत्रांचे इतके ढीग येऊन पडू लागले की साखळी सुरू करणं सोपं असतं, थांबवणं कोणाच्याच हातात नसतं, हे त्या घराला कळून चुकलं. आणि सैनिकांना पुरवायची ती वस्तू कोणती म्हणाल? बर्फ. २०१४ च्या आधी एकशे सोळा वर्षं! फरक इतकाच, की नतालीच्या साखळीत बर्फ विकत घेण्यासाठी पैसे गोळा होत होते, आणि आमच्या साखळीत पैसे टाळण्यासाठी बर्फ.

ही साखळी आपल्याकडे आली ती दानधर्म गळून पडून, नुसती धाक होऊन. माझ्या लहानपणी घरी पंधरा पैशांची कार्डं यायची. वर देवाचं नाव, बहुधा संतोषीमातेचं (१९७५ च्या चित्रपटापासून तिचा टपाल खात्यावर विशेष वरदहस्त होता), आणि खाली मजकूर: अमक्याने अकरा पत्रं लिहिली, त्याला गुप्तधन सापडलं. तमक्याने पत्र फाडलं, त्याचा धंदा बसला. आजीला गुप्तधन नको होतं, पण धंदा बसायला नको असे. आमच्या घरात कोणाचा धंदाच नव्हता, सगळे नोकरदार. तरी ती मला पाटावर बसवून अकरा कार्डं लिहून घ्यायची. माझं अक्षर पहिल्या कार्डाला वाचता यायचं, अकराव्याला देवीलाही आलं नसतं. पुढे जे माझं हस्ताक्षर आणि जी माझी सही झाली, तिचं मूळ तिथे आहे.

अमेरिकेतही साखळीचं असंच झालं होतं. १९३५ साली मंदीने गांजलेल्या डेन्व्हर शहरात दहा सेंटचीच साखळी निघाली, पण आता संस्थेचं नाव गेलं आणि स्वतःचं आलं. पत्रावर सहा नावं. सगळ्यात वरच्याला दहा सेंट पाठवा, त्याचं नाव खोडा, तळाला आपलं लिहा, पाच जणांना पाठवा. साखळी न तुटता आपलं नाव वर पोचलं की १५,६२५ लोकांकडून मिळून १,५६२ डॉलर ५० सेंट येणार! गणित बिनचूक आहे, मी पडताळलंय. फक्त या हिशोबाने तेराव्या पायरीला १२२ कोटी माणसं लागतात आणि चौदाव्या पायरीला ६१० कोटी, जेवढी त्या वेळी पृथ्वीवर नव्हती. तेवढा भाग सोडला तर योजना उत्तम होती. डेन्व्हरचं टपाल खातं मात्र त्या पत्रांखाली गाडलं गेलं.

याच गणिताने बर्फाच्या बादलीचं आयुष्यही आधीच ठरलेलं होतं. प्रत्येकाने तिघांना आव्हान द्यायचं, तेही चोवीस तासांत. सगळ्यांनी नियम पाळला तर विसाव्या दिवशी ३४८ कोटी लोक भिजतात आणि एकविसाव्या दिवशी १,०४६ कोटी लागतात. २०१४ साली जगाची लोकसंख्या सातशे कोटींच्या थोडी वर होती, तान्ही पोरं आणि आमच्या सौ.सकट. तीन आठवडे आणि खेळ खलास. ज्या वेगाने ही चळवळ पसरते त्याच वेगाने तिचं इंधन संपतं. मी स्वतः तिघांना आव्हान दिलं होतं. पैकी एकाला आधीच चार आव्हानं आलेली होती, दुसऱ्याला सर्दी होती आणि तिसरे आमचे हेडकॅशियर. ते म्हणाले, "अंगावर ओतायचं तर नोटा ओता, मी येतो."

नाण्यांचा विषय निघालाच आहे तर १९३८ सालचं सांगतो, कारण ते वाचताना माझ्यातल्या कारकुनाला गहिवरून आलं. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट पोलिओने पांगळे झालेले. पोलिओच्या संशोधनासाठी संस्था निघाली होती. एडी कँटर या विनोदी नटाने रेडिओवरून आवाहन केलं की प्रत्येकाने दहा सेंटचं एक नाणं थेट अध्यक्षांच्या घरी, व्हाइट हाउसला पाठवावं. लोकांनी पाठवलं. २६ लाख ८० हजार नाणी! पाकिटातून, टपालाने! वाचकहो, ज्याने मार्चअखेर जत्रेतल्या देवस्थानाची चिल्लर मोजली आहे त्यालाच या आकड्याचा अर्थ कळेल. ती कोणी मोजली, त्यांना ओव्हरटाइम मिळाला का, याबद्दल इतिहास गप्प आहे. इतिहास नेहमीच मोजणाऱ्यांबद्दल गप्प असतो.

पण त्या मंडळींनी पहिल्या वर्षाच्या ढिगावर समाधान मानलं नाही. दरवर्षी नाणी मागितली. १९५० पासून गल्लोगल्लीच्या आया संध्याकाळी फेरीला निघू लागल्या. ज्याला काही द्यायचं असेल त्याने ओसरीवरचा दिवा लावून ठेवायचा, बाई दार वाजवणार. त्या पैशावर साल्क यांचं संशोधन चाललं आणि १२ एप्रिल १९५५ ला पोलिओची लस लागू पडल्याचं जाहीर झालं. १९३८ ते १९५५, सतरा वर्षं. ओसरीवर दिवा लावणं यात फोटो काढण्यासारखं काही नाही. शेजारच्यांना तुमचा अंधार दिसतो एवढंच.

आपल्याकडेही असला एक चिवट माणूस होऊन गेला. अंताजी दामोदर काळे. त्यांनी काढलेला पैसा फंड. देशातल्या प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा, त्यातून स्वदेशी उद्योग उभे करावेत. एक पैसा! टिळकांनी पाठबळ दिलं, काळ्यांनी वर्षानुवर्षं पायपीट केली, आणि १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. तिथे शिकलेले कारागीर पुढे देशभरच्या काचकारखान्यांत पसरले. या काळ्यांचं आजच्या पोरांनी नावही ऐकलेलं नाही. काळ्यांनी चूक एकच केली. पैसे मागताना डोक्यावर काही ओतून घेतलं नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. २०१२ च्या मार्चमध्ये युगांडातल्या जोसेफ कोनी या लहान मुलांना पळवून सैनिक करणाऱ्या बंडखोर म्होरक्यावर अर्ध्या तासाची फिल्म निघाली. सहा दिवसांत दहा कोटी वेळा पाहिली गेली. वीस एप्रिलच्या रात्री जगभरच्या शहरांत पोस्टरं चिकटवून जग हलवायचं ठरलं. त्या रात्री ठिकठिकाणी जी तुरळक मंडळी जमली त्यांनी बहुधा एकमेकांचीच चौकशी केली असेल. कोनी काही त्या वर्षी सापडला नाही, आणि पुढच्या दहा वर्षांतही नाही.

तर आमची बादली यापैकी कुठल्या घराण्यातली? कोनीच्या, की नाण्यांच्या? मी गृहीत धरून बसलो होतो की कोनीच्या. आणि आता ते कारण सांगायची वेळ आली.

आमच्या शाखेत एका निवृत्त ड्रॉइंगच्या सरांचं पेन्शनचं खातं होतं. मला त्यांनी आठवी-नववीला शिकवलं होतं. शिकवलं म्हणजे त्यांनी शिकवलं, मी शिकलो नाही. सरांची सही हा आमच्या शाखेतला एकमेव सुंदर कागद. पहिलं अक्षर हंसासारखं मान वळवून बसलेलं आणि शेवटची रेघ अशी सुटलेली की खोटी सही करणाऱ्याने हात जोडावेत. २०१४ च्या जूनमध्ये त्यांची पैसे काढायची स्लिप माझ्याकडे आली आणि स्क्रीनवरच्या नमुन्याशी सही जुळेना. हंसाची मान पडली होती. मी नियमाप्रमाणे स्लिप परत केली. सर म्हणाले, "हात भरून येतो रे हल्ली." त्यांनी दुसरी स्लिप भरली, मग तिसरी. तिसरी मी चालवून घेतली, उपकार केल्यासारखी.

नोव्हेंबरात ते हयातीचा दाखला द्यायला आले. शर्टाचं वरचं बटण उघडं होतं. सर कधी असे येत नसत. सही करताना पेन बोटांतून निसटलं. रांगेत तीस पेन्शनर उभे होते. मी म्हणालो, "सर, हे जेलचं पेन सोडा. चांगलं जाड पेन घ्या एखादं, पकड बसते." सरांनी मान हलवली.

दोन घटनांच्या मध्ये कोणता महिना पडतो ते वाचकांच्या ध्यानात आलंच असेल.

पुढच्या नोव्हेंबरात सर आले नाहीत. काकू आल्या, डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन. रोगाचं नाव लिहिलं होतं मोटर न्यूरॉन डिसीज, आणि पुढे कंसात तीन अक्षरं: ए. एल. एस. ती अक्षरं मी कुठेतरी वाचली होती. दिवसभर आठवेना. रात्री फोन उघडला आणि सापडली. माझ्याच व्हिडिओखाली, मीच लिहिलेली, पुढे तीन उद्गारचिन्हं.

या रोगात स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या मज्जापेशी मरत जातात. आधी एखादा हात किंवा पाय, मग उरलेलं अंग, मग बोलणं, गिळणं आणि शेवटी श्वास. डोकं बहुतेकांचं शेवटपर्यंत लख्ख राहतं. निदान झाल्यावर बहुतेक रुग्णांना दोन ते पाच वर्षं मिळतात. १९९५ साली मंजूर झालेलं रिल्युझोल नावाचं औषध त्यात थोड्या महिन्यांची भर घालतं. हे सगळं आव्हानाच्या आधी वाचायला मला दहा मिनिटं लागली असती. बर्फ जमायला त्याहून जास्त वेळ लागला होता.

ज्याला सही करता येत नाही अशा आजारी खातेदाराचा अंगठा घ्यावा, अंगठाही उठत नसेल तर पायाचा अंगठा घ्यावा, दोन साक्षीदार असावेत, पैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी, असा नियम आहे. त्याप्रमाणे आमचे ऑफिसर आणि मी शाईचा पॅड घेऊन सरांच्या घरी गेलो. सर खुर्चीत होते. दोन्ही हात मांडीवर कोणी आणून ठेवल्यासारखे. काकूंनी उजवा अंगठा धरून पॅडवर टेकवला, मी तो कागदावर दाबला. साक्षीदार म्हणून खाली मी सही केली. सरांनी वाकून ती पाहिली आणि काही म्हणाले. शब्द एकात एक मिसळलेले होते. काकूंनी उलगडा केला, "म्हणतायत, सही अजून वाकडीच."

आम्ही तिघंही हसलो. मग सर आणखी काही बोलले, बराच वेळ लागला त्यांना. काकू म्हणाल्या, "तुझी ती बादली बघितली होती त्यांनी, मुलाच्या फोनवर. चौदा खडे होते म्हणतायत." चित्रकाराचा डोळा, मोजल्याशिवाय राहतोय कसा! मी ओशाळून म्हणालो, "हो सर. चौदाच." सर पुन्हा काही बोलले. या वेळी काकूंच्या मदतीशिवाय मला कळलं. ते विचारत होते, "पैसे किती?"

त्यांचे डोळे हसत होते. दोनशे अकरांपैकी कोणी न विचारलेला प्रश्न होता तो. मी म्हणालो, "टबातल्या पाण्यात चादरी धुतल्या, सर." त्यांना इतकं हसू आलं की ठसका लागला आणि काकूंना पाठीवर हात फिरवत बसावं लागलं.

त्यानंतर दर महिन्याला पॅड घेऊन मी जात राहिलो. ऑफिसर बदलले, पॅड तोच. चौदा महिने. २०१७ च्या फेब्रुवारीत सर गेले.

त्या चौदा महिन्यांत मी ते हिशोब शोधून वाचले. वाचायला बसलो तो चिडून. म्हटलं, बघू तरी, जगभरच्या माझ्यासारख्या गाढवांनी पाणी ओतून काय मिळवलं. २९ जुलै ते २९ ऑगस्ट २०१३ या महिन्यात अमेरिकेच्या एएलएस संघटनेकडे २८ लाख डॉलर आले होते. २०१४ साली त्याच महिन्यात १० कोटींहून जास्त. मोहिमेची एकूण रक्कम ११.५ कोटी. देणारे सुमारे तीस लाख लोक. वाटणी अशी: संशोधनाला ७.७ कोटी, रुग्णसेवेला २.३ कोटी, लोकशिक्षणाला १ कोटी, निधी उभारणीच्या खर्चाला ३० लाख आणि पैसे इकडून तिकडे करणाऱ्यांच्या शुल्काला २० लाख. बेरीज करून पाहा. मी तिथल्या तिथे केली. टॅली होते. बेरीज जुळली की बँकेतल्या माणसाचं निम्मं मत आपोआप बदलतं.

दुसऱ्या बाजूला फेसबुकचा आकडा: त्या तीन महिन्यांत बादलीचे एक कोटी सत्तर लाख व्हिडिओ. इतर देशांतल्या संस्थांना ज्यांनी पैसे दिले ते वजा केले, तरी मधल्या फरकात फार मोठी गर्दी उरते. तिच्यात टबात उभा असलेला मी तुम्हाला दिसेन. आणि पुढच्याच वर्षी संघटनेने 'दर ऑगस्टला बादली' अशी हाक दिली तेव्हा आधीच्या वर्षाच्या तुलनेत जे जमलं ते चिल्लर म्हणावं इतकंच. मोहीम घराघरांत पोचवणारे दोघं तरुण, पीट फ्रेट्स आणि पॅट क्विन, स्वतःच या रोगाचे रुग्ण होते. ते मात्र शेवटपर्यंत दर ऑगस्टला मागत राहिले. फ्रेट्स २०१९ ला गेला, क्विन २०२० ला.

सरांच्या मागे काकू दर महिन्याला शाखेत येतात, कौटुंबिक निवृत्तिवेतन असतं त्यांचं. टोकन असलं तरी माझ्याच खिडकीशी येतात. २०२२ च्या ऑक्टोबरात पेपरचं कात्रण घेऊन आल्या. "औषध आलं म्हणे रे अमेरिकेत." आलं होतं. त्या औषधाच्या सुरुवातीच्या चाचण्यांना बर्फाच्या पैशातले सुमारे २२ लाख डॉलर दिलेले होते, सप्टेंबरात त्याला मंजुरी मिळाली होती. किंमत वर्षाला १ लाख ५८ हजार डॉलर. ती मी काकूंना सांगितली नाही. त्या कात्रण घडी करून पर्समध्ये ठेवत म्हणाल्या, "यांना पाच वर्षं उशीर झाला."

२०२४ च्या मार्चमध्ये मोठ्या चाचणीचा निकाल लागला. ६६४ रुग्ण, आणि औषध घेणारे व नुसती पुडी घेणारे यांच्यात फरक नाही. एप्रिलमध्ये कंपनीने औषध बाजारातून काढून घेतलं. हे मी काकूंना आपण होऊन सांगितलं, कारण कात्रण अजून त्यांच्या पर्समध्ये असणार हे मला माहीत होतं.

"म्हणजे तुमच्या त्या सगळ्या बादल्या फुकट गेल्या का रे?" त्यांनी विचारलं.

मी खिडकीच्या जाळीतून सांगायला लागलो, की तसं नाही काकू, त्याच पैशातल्या संशोधनातून २०१६ साली या रोगाशी संबंधित एक नवं जनुक सापडलंय, अकरा देशांतले शास्त्रज्ञ होते त्यात, आणि आता त्या दिशेने शोध चालू आहे, आणि पोलिओच्या वेळीसुद्धा सतरा वर्षं लागली होती, आणि न लागू पडणारं औषध कोणतं ते कळणं हेसुद्धा एका परीने... मागे रांगेत एक गृहस्थ खाकरले.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग पासबुक जाळीखालून पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "बरं. एवढं भरून दे. आणि मागच्या वेळी दोन ओळी एकावर एक छापून आल्यात, त्या जरा बघ."